मदत हवी आहे : निघण्याआधी देवीची लस घ्यावी का?

नमस्कार मंडळी. मी रुग्णवाहिकेवर काम करतो, राहायला लालबागला. एका मदतपथकाबरोबर सहा महिने काँगोला चाललोय. तिथे एमपॉक्स (आधी मंकीपॉक्स म्हणायचे, देवीच्याच जातीचा आजार) आहे आणि त्यावर देवीचीच लस चालते. सक्ती नाही, म्हणून तर डोकं फिरलंय.

जुनी लस एकदाच घ्यायची, दुतोंडी सुईने 15 टोचे. पण तिच्यात जिवंत विषाणू. टोचल्या जागी फोड येतो, त्याची खपली पडेपर्यंत तो दुसऱ्याला लागू शकतो. आमची खोली दहा बाय बारा, धाकटीला एक्झिमा (अशा त्वचेला हा विषाणू जास्त धोक्याचा), आणि ती झोपते माझ्याच दंडावर डोकं ठेवून. नव्या लशीतला विषाणू शरीरात वाढत नाही, पण दोन डोस, मध्ये 28 दिवस. माझ्याकडे उरलेत 20.

आई दंडावरचा वण दाखवून म्हणते, "आम्हाला काय झालं रे?" अगं, तेव्हा देवी होती! 1975 नंतर देशात रुग्णच नाही.

पहिला डोस इथे आणि दुसरा परदेशात, असं कोणी केलंय का? वेळेवर मिळाला? आणि जुनी घेतलेल्यांनी सांगा, घरापासून किती दिवस लांब राहिलात? डोंबिवलीला मित्राची खोली रिकामी आहे, तेवढी सोय होईल.