मदत हवी आहे: सुपर व्हिसा, शिक्क्यावरची तारीख आणि साताऱ्यातली पेन्शन

नमस्कार मंडळी. मी ६७ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, मूळची साताऱ्याची. आमचे हे ७१. ३ ऑगस्ट २०२४ला आम्ही दोघं सुपर व्हिसावर (कॅनडात राहणाऱ्यांच्या आईवडिलांना मिळणारा लांब मुदतीचा व्हिसा) मुलाकडे कॅनडात ब्रॅम्प्टनला आलो. एका वेळी पाच वर्षं राहता येतं असं ऐकलं होतं, त्यामुळे निवांत होतो.

गेल्या रविवारी नातवाला पासपोर्टमधले शिक्के दाखवत बसले होते. ह्यांच्या शिक्क्याखाली अधिकाऱ्याने पेनाने २०२९ सालची तारीख घातली आहे. माझ्या शिक्क्याखाली मात्र १७ जानेवारी २०२६! माझा पासपोर्टही त्याच दिवशी संपतोय. चौदा महिने ते पान कपाटात होतं, पण कुणी वाचलं नाही. मुलगा म्हणतो, "आई, मी बघतो." तो बघतो म्हणाला की महिना जातो, हे मला त्याच्या दहावीपासून ठाऊक आहे. नवा पासपोर्ट काढला की उरलेली वर्षं आपोआप मिळतात का?

दुसरं पैशांचं. माझी पेन्शन वर्षाला सहा लाखांच्या आसपास, माझ्या नावच्या ठेवींचं व्याज तीन लाख. एप्रिलमध्ये पुण्याच्या लेकीने नेहमीसारखा माझा १५एच, म्हणजे व्याजावर कर कापू नका असा फॉर्म, बँकेत दिला. आता एक म्हणतो, तुम्ही एनआरआय झालात, खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करा. दुसरा म्हणतो, पाहुण्या आहात, काही करू नका. त्यात नोव्हेंबर तोंडावर आला, म्हणजे हयातीचा दाखला. आणि ह्यांचं सिम रिचार्जअभावी बंद पडलंय, त्यामुळे त्यांच्या खात्याचा ओटीपी येत नाही. बँकेत फोन केला तर म्हणे, "आजोबांना शाखेत घेऊन या." शाखा साताऱ्यात, आजोबा इथे खिडकीत बसून बर्फाची वाट बघतायत.

मिसिसागाकर: काकू, बाकी सगळं नंतर, आधी तारीख. व्हिसा म्हणजे आत यायची परवानगी. राहायचं किती, ते शिक्क्यावर ठरतं. पासपोर्ट संपत होता म्हणून अधिकाऱ्याने तिथपर्यंतच मुक्काम दिला. नव्या पासपोर्टने तो आपोआप वाढत नाही. पासपोर्टचा अर्ज याच आठवड्यात टाका. तो हातात आला की मुक्काम वाढवायचा, म्हणजे व्हिजिटर रेकॉर्डचा अर्ज ऑनलाइन करा. फी १०० डॉलर. मुदतीआधी किमान ३० दिवस करा म्हणतात, म्हणजे १८ डिसेंबर धरून चाला. सुपर व्हिसावाल्यांना एका वेळी दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. अर्ज मुदतीच्या आत गेला असेल तर निकाल येईपर्यंत इथे राहणं वैध. पासपोर्ट रखडला तरी १७ जानेवारी उलटू देऊ नका. जुना पासपोर्ट जपा, व्हिसा त्यातच चिकटवलेला आहे.

विम्याचा कागदही लागेल, किमान एक लाख डॉलरचं संरक्षण असलेला. काकांची बीपीची गोळी मध्ये बदलली असेल तर पॉलिसी नीट वाचा. आमच्या वडिलांचा डोस वाढला, तेवढ्यावरून कंपनीने 'आजार स्थिर नव्हता' म्हणून दावा फेटाळला.

निवृत्त बँकवाला: ताई, दोन कायदे दोन तऱ्हेने मोजतात, म्हणून तुम्हाला दोन उत्तरं मिळतायत. २०२४-२५ मध्ये तुम्ही भारतात साधारण १२४ दिवस होतात. प्राप्तिकरात १८२ भरले नाहीत तरी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भरले की माणूस निवासी. म्हणजे मागचं वर्ष निवासी. फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, मात्र मागच्या आर्थिक वर्षात १८२हून जास्त दिवस मागतं. ते भरत नाहीत, तेव्हा खातं एनआरओ करायला हवं. पेन्शन त्यात जमा होते, काळजी नको.

२०२५-२६ मध्ये मार्चपर्यंत भारतात गेलाच नाहीत तर प्राप्तिकरातही अनिवासी. १५एच फक्त निवासींसाठी, तो चालणार नाही. बँकेला स्वतःहून कळवा. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापला जाईल. जास्तीचा रिटर्न भरून परत मिळतो. खरी चुटपुट पुढे आहे. नव्या करप्रणालीत नऊ लाखांवर निवासीला कलम ८७-ए च्या सवलतीमुळे शून्य कर. अनिवासीला ती सवलतच नाही: ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून उपकरासह २३,४०० रुपये.

शिवाय कॅलेंडर वर्षात १८३ दिवस राहिलात की कॅनडाही तुम्हाला करदाता धरू शकतो, तेही जगभरच्या उत्पन्नावर. दोन्ही देशांचं कळणारा अकाउंटंट गाठा, मुलाचा रिटर्न भरणारा नको.

पेन्शनर ७४: दाखल्यासाठी जीवन प्रमाण ॲप आहे, चेहरा दाखवून होतं, बोटाचं यंत्र लागत नाही. पण ओटीपी येण्यासाठी एखादं सिम चालू हवं. नाही जमलं तर नोव्हेंबरात टोरांटोच्या वकिलातीची शिबिरं लागतात. मूळ कागद कुरियरने पाठवा आणि पोच मागा. रोमिंग चालू ठेवा, आम्हाला येणाऱ्या मेसेजचे पैसे पडत नाहीत.

मूळ प्रश्न विचारणारी: सगळ्यांचे आभार. काल पासपोर्टचा फॉर्म भरला. दाखला माझ्या सिमवर झाला, चौथ्या खेपेला. ॲप सारखं 'डोळे मिचकावा' सांगत होतं आणि नातू माझ्यामागे उभा राहून स्वतःचे मिचकावत होता.

लेकीने एनआरओचे फॉर्म मागवले. त्यात परदेशी मोबाईल नंबरचा रकाना आहे! ह्यांचा इथला नंबर त्यात घातला. आता बँक सह्या जुळत नाहीत म्हणाली नाही म्हणजे मिळवली. ह्यांचा हात अलीकडे थोडा कापतो. सहीच्या पडताळणीसाठी इथे कुणाकडे जायचं, वकिलातीत की नोटरीकडे?