प्रतिसाद: राखीव संगणक आणि प्रोसेसरचा वेळ

राखीव संगणक जोडला की विश्वासार्हतेचा प्रश्न सुटतो आणि शेड्युलिंग, म्हणजे प्रोसेसरने कोणते काम केव्हा करायचे हे ठरवणे, हा त्याहून निराळा विषय आहे, असा दावा या चर्चेत झाला आहे. हार्डवेअरच्या आकस्मिक बिघाडापुरता पहिला मुद्दा बरोबर आहे, दुसरा मात्र मला मुळीच पटत नाही. ४ जून १९९६ रोजी झालेल्या एरियान ५ या युरोपीय रॉकेटच्या अपयशी ठरलेल्या पहिल्या उड्डाणात दिशा आणि वेग मोजणारी दोन एकसारखी उपकरणे होती. ६४ बिटी दशांश संख्या १६ बिटी पूर्णांकात मावली नाही, तेव्हा दोन्हींत सॉफ्टवेअर तेच असल्यामुळे राखीव उपकरण आधी बंद पडले आणि त्यामागोमाग मुख्य उपकरणही त्याच कारणाने थांबले.

इथवरची हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. चौकशी अहवालातील एका नोंदीची चर्चा मात्र फारशी होत नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते: अशी चूक होण्याचा धोका असलेल्या सात चलांपैकी (सॉफ्टवेअरमधील बदलत्या मूल्यांपैकी) चारांनाच संरक्षण दिले गेले, कारण त्या उपकरणातील संगणकावरील कामाचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन होते. म्हणजे वेळेच्या अंदाजपत्रकात बसावे म्हणून तपासण्या गाळल्या गेल्या. शिवाय ज्या गणनेत ही चूक झाली, ती उड्डाणापूर्वी या उपकरणाची दिशा जुळवण्यासाठी होती. एरियान ४ या आधीच्या रॉकेटच्या गरजेतून आलेली ही गणना उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू राहत असे, आणि एरियान ५ ला उड्डाणानंतर तिचा काहीच उपयोग नव्हता. कोणते काम केव्हा थांबवायचे, हा शेड्युलिंगचाच निर्णय आहे.