बेस गिटार खुंटीवरून खाली कशी उतरवायची? आपापले अनुभव सांगा

खुंटीवरची_बेस (जळगाव)

नमस्कार मंडळी. डाळ मिलमध्ये अकाउंट्स बघतो, वय ३९, मागच्या दिवाळीच्या बोनसमधून बेस गिटार घेतली. बायको म्हणत होती फ्रीज बदलू, मी म्हटलं फ्रीज अजून वर्षभर चालतो (चालला नाही, पण तो वेगळा विषय आहे). पहिले दोन-तीन महिने रोज तासभर बसायचो. मग मार्च आला, इयर-एंड, त्यामागून आपला एप्रिल, ४४ डिग्री, आणि गिटार जी खुंटीला टांगली ती टांगलीच. आता येता-जाता ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघत नाही.

नुसता आळस असता तर धागा काढला नसता. साध्या गिटारवाल्याला चार कॉर्ड आले की घरचे गाणं ओळखतात, सोबत गुणगुणतात. मी महिनाभर घासून एका गाण्याची बेसलाइन (म्हणजे गाण्याच्या खाली चालणारे जाड सूर) बसवली, सगळ्यांना सोफ्यावर बसवून ऐकवली, पूर्ण झाल्यावर मुलगी म्हणे, "पप्पा, आता गाणं सुरू करा ना." तिथेच हवा गेली. खान्देशातले आणखी कोणी बेस वाजवणारे असतील तर सांगा, रोजच्या रियाजात मजा टिकवता कशी? यूट्यूबवरचं ज्ञान नको, ते पाठ आहे.

डबल_हेडर (भुसावळ)

भाऊ, पहिलं काम, ती खुंटीवरून काढा. खुंटीवरची गिटार म्हणजे भिंतीवरचा फोटो, हार घालायचाच बाकी राहतो. खाली स्टँडवर ठेवा, जिथे चहा पिता तिथे. मी रेल्वेतून रिटायर, क्वार्टरमध्ये असताना शेजारचे ड्रायव्हर काका रविवारी चर्चमध्ये वाजवायचे, त्यांच्याकडे शिकलो. त्यांनी पहिले दोन महिने मला एका तारेच्या वर जाऊ दिलं नाही. सगळ्यात जाड, ई ची तार, उजव्या हाताचं एकच बोट, आणि पायाने ठेका. मला वाटायचं काका टाळताहेत. नंतर कळलं की अमेरिकेतल्या मोटाऊन कंपनीच्या रेकॉर्डिंगवर वाजवणारे जेम्स जेमरसन, ज्यांना बेसवाले देव मानतात, ते उजव्या हाताच्या एकाच पहिल्या बोटाने वाजवायचे, त्या बोटाला लोकांनी 'हूक' नाव पाडलं होतं. तारासुद्धा बदलायचे नाहीत म्हणे. ते ऐकल्यापासून मी पण बदलत नाही, पण माझं कारण पेन्शन आहे.

दुसरं, तासभर बसू नका. वीस मिनिटं. हात गरम झाला, आता जमतंय असं वाटायला लागलं की उठायचं. अर्धपोटी उठलं की दुसऱ्या दिवशी भूक लागते.

मागचा_टेम्पो (शहादा)

मजा वगैरे आम्हाला नका विचारू. लग्नाच्या बँडमध्ये आहे ७ वर्षांपासून, गाडीवर जनरेटर, कॅसिओ, ऑक्टोपॅड आणि कोपऱ्यात मी. वरात दोन किलोमीटरला चार तास घेते. गाणी तीस वाजतात पण माझे सूर दोन-तीनच, ते पण सुटले नाही पाहिजेत, कारण नाचणाऱ्याला बेस ऐकू येतो हे त्याला माहीत नसतं, बंद झाला की मात्र लगेच मागे वळून बघतो काय झालं म्हणून. एकदा केबल निघाली माझी, गाणं चालू, ढोल चालू, सगळं चालू, आणि समोरची पोरं नाचता नाचता ढिली पडली. नवरदेवाचा मामा गाडीवर चढून ऑपरेटरला म्हणे आवाज का कमी केला. त्या दिवशी कळलं मला माझं काम काय आहे.

रियाज मी कधी केलाच नाही, सीझनमध्ये रोज सहा तास वाजवून जे येतं ते येतं. पहिल्या सीझनला बोटांना फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा आले. फोड फोडू नका एवढंच सांगतो, आणि तार जोरात ओढायची गरज नसते, आवाज वाढवायला अँप असतो. हे मला कोणी सांगितलं नाही, एक सीझन वाया गेला.

कळण्याची_भाकरी (धुळे)

टेम्पोदादा, मामाचा किस्सा 😂😂

मी इंजिनीअरिंग थर्ड इयर, होस्टेलला आहे. माझा हात लहान आणि नेहमीच्या बेसची तार मानेच्या टोकावरच्या नटपासून अंगावरच्या ब्रिजपर्यंत ३४ इंच असते, त्यात पहिल्या फ्रेटजवळची घरं (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) सगळ्यात रुंद. ऑनलाइन शिकवणाऱ्या सरांचा हट्ट की प्रत्येक बोटाला एक फ्रेट, चार बोटं चार घरं, ताणायचंच. मी ताणलं. सबमिशनच्या टायमाला मनगट एवढं दुखायला लागलं की ड्रॉइंग शीट धरता येईना. मग एका दादाने सांगितलं की त्या रुंद घरांत पहिलं, दुसरं आणि करंगळी एवढंच वापर, अनामिका करंगळीला टेकू म्हणून ठेव, मोठ्या उभ्या डबल बेसवाले असंच वाजवतात. चार घरांच्या जागी तीन घरं, आणि हात सरकवायचा. आठवड्यात दुखणं गेलं. ज्यांना जमतं त्यांनी ३० इंची शॉर्ट स्केल घ्यावी, मला परवडली नाही.

आणि हो, ज्या गाण्याची बेसलाइन शिकायची ती मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. जाड तार मोकळी वाजवली तर ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, एवढ्याशा स्पीकरला ते झेपत नाही, वरवरचं काहीतरी ऐकू येतं आणि आपण चुकीचंच पाठ करतो. हेडफोन लावा. मी आधी दोन दिवस फक्त ऐकते आणि तोंडाने गाते, डुम डुडुम डुम, मेसच्या लाईनमध्ये उभी राहून पण. तोंडाने आलं की हाताला यायला वेळ लागत नाही. रूममेटला मात्र वाटतं मला ताप आहे.

होस्टेलला लाईट गेली किंवा रात्री उशीर झाला तर अँप नाही, तेव्हा गिटारचं वरचं शिंग (मानेजवळचं पुढे आलेलं टोक) लाकडी कपाटाच्या दाराला टेकवून वाजवायचं, कपाट घुमतं! कपाट नसेल तर हनुवटी टेकवा शिंगावर, आवाज सरळ डोक्यात जातो. वेडेपणा वाटेल पण करून बघा.

केळीला_भाव_द्या (चोपडा तालुका)

कपाटाचं भारीये. आमच्याकडे कपाट नाही, मळ्यातली खोली आहे.

आमच्या फिडरला काही दिवस रात्रीची लाईट असते, मोटर चालू करून बागेत पाणी फिरेपर्यंत जागं तर राहायचंच, मग मोबाईल बघण्यापेक्षा बेस बरा म्हणून सुरू केलं. एक छोटा सेकंडहँड अँप आणला. लावला की नुसता घूंऽऽऽ. तारेला हात लावला की घूं कमी, हात काढला की पुन्हा सुरू. मला वाटलं गिटार खराब दिली, दुकानदाराला फोनवर नको ते बोललो. मग आमच्या वायरमनने येऊन बघितलं, म्हणे गिटारला काही नाही झालं, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडलाय. मीठ-कोळसा पुन्हा भरला, दोन बादल्या पाणी ओतलं, घूं निम्म्यावर आला. दुकानदाराला सॉरी म्हणायला फोन केला तर त्याने उचलला नाही, बरोबरच आहे. आता दर पंधरवड्याला गिटारसाठी खड्ड्याला पाणी पाजतो, केळीसोबत.

पण गंमत पुढे आहे. तो उरलेला घूं ५० सायकलचा, आपली लाईटच ५० ची. आणि जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी येतो ४९ ला. म्हणजे जवळजवळ तोच! ट्यूनर नव्हता तेव्हा मी त्या घूंवर अंदाजे तार लावायचो, किंचित खाली ठेवायचो. मग पाचव्या फ्रेटवर दाबून पुढची तार मोकळी लावायची, अशा चारही. रात्री दोनला केळीच्या बागेत मोटरचा आवाज, अँपचा घूं, आणि मी जी धरून बसलेलो. कुत्रंसुद्धा सवयीचं झालंय, आधी भुंकायचं.

झाडाखालचा_श्रोता (एरंडोल)

आम्ही वाजवत नाही पण धागा वाचतोय, चालू द्या. भाव वाढला का केळीचा?

केळीला_भाव_द्या (चोपडा तालुका)

नाव वाचलं का माझं?

धागेनातिनकधिन (अमळनेर)

वीस वर्षं तबला, भजनी मंडळात. बेसकडे वळलो कारण डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मांडी घालून बसता येईना, खुर्चीवर बसून काय वाजवता येईल तर हे. तबलेवाल्यांना एक सांगतो, बेस म्हणजे डग्गाच आहे, फक्त सुरात. कहरवा घ्या, धा गे ना ति न क धि न. डग्गा खुला कुठे वाजतो? धा, गे आणि धि. पहिली, दुसरी आणि सातवी मात्रा. तिथेच बेस वाजवा, मधल्या न-क ला तार हाताने बंद करून गप्प बसा. तालातली 'खाली' जशी तबल्यात रिकामी वाटते तशीच इथेही रिकामी वाटली पाहिजे. नवीन पोरं भरत सुटतात, हात मोकळा दिसला की सूर कोंबतात. बंद करणं ही अर्धी विद्या आहे, डाव्या हाताची बोटं तारेवरून उचलायची नाहीत, नुसती सैल सोडायची, की आवाज मरतो.

सुरांचं म्हणाल तर पेटीवाल्याला घाबरू नका. आमचे बुवा काळी एकमध्ये गातात. काळी एकचा सा म्हणजे ए तारेचा चौथा फ्रेट. त्याच फ्रेटवर सगळ्यात जाड तारेला मंद्र प, आणि सा च्या पुढच्या तारेवर दोन घरं वर मधला प. त्याच्याही पुढच्या तारेवर, तीच दोन घरं वर, तार सा. एवढी चौकट हातात बसली की बुवांनी पट्टी बदलली तरी नुसता हात सरकवायचा, चौकट तीच. मला सा-प-सा मध्ये गुरुवारचं अख्खं भजन वाजवता येतं. अँप विठोबाच्या फोटोच्या मागे लपवलाय, म्हाताऱ्या मंडळींचा इलेक्ट्रिक गोष्टींवर राग आहे.

मजेचं विचारलंत म्हणून, घरी एकट्याने मी दहा मिनिटंसुद्धा वाजवत नाही, कंटाळा येतो. गुरुवारी दोन तास कुठे जातात कळत नाही.

आजीचा_नातू (पारोळा)

तबलाकाका, माझंही तेच. लॉकडाऊनमध्ये शिकलो, रोज मेट्रोनोम (टिकटिक ठेका देणारं यंत्र) लावून स्केल, वर-खाली, वर-खाली. आजी ओट्यावर बसून रोज विचारायची, "हाई काय घुमी ऱ्हायनं रे? गानं कव्हय वाजाडशी?" मी म्हणायचो आजी हेच आहे, याला बेस म्हणतात. ती म्हणायची मग बाकीचं कोण वाजवणार.

नंतर श्रावणात आमच्याकडे कानबाई बसली, नागपंचमीनंतरचा रविवार, रात्री जागरण, बायका गाणी म्हणत होत्या आणि आजी पुढे. मी मागच्या खोलीत अँप बारीक करून आजीची पट्टी शोधली, एकच सूर सापडला, तोच धरला, टाळीवर. काहीच केलं नाही, एक सूर. तीन गाणी झाली असतील, मध्ये मी पाणी प्यायला उठलो तर आतून आजीचा आवाज, "बंद काब करं रे?"

रियाज तोच होता जो मी वर्षभर करत होतो. पण तेव्हापासून मेट्रोनोम लावला की मला तो आजीच्या टाळीसारखा ऐकू येतो, त्यामुळे चिडचिड होत नाही.

सावद्याची_सून (सावदा)

गिटार मुलाला घेतलेली, त्याने सोडली, मी धरली. मी एकच सांगते कारण हे कोणी सांगत नाही, आपल्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं आणि फ्रेटची पितळी टोकं, पितळी म्हणजे जी काय असतात ती, मानेच्या कडेने बाहेर येतात. मे मध्ये हात वर-खाली करताना बोट कापल्यासारखं झालं, वाटलं आपलंच काही चुकतंय. रिपेअरवाल्याने बारीक कानशीने टोकं घासून दिली, दहा मिनिटांचं काम. आणि कूलरच्या समोर ठेवू नका, तिथे उलटं होतं, दमट हवेने तारा गंजतात. खोलीच्या आतल्या भिंतीला, बॅगेत. पावसाळ्यात मान पुन्हा हलते, तार उंच-खाली वाटली तर आतल्या रॉडला पाव आटा द्यायचा, त्याहून जास्त नाही, दुसऱ्या दिवशी बघायचं. घाई केली की मोडतो. माझा नाही मोडला, मुलाने मोडला असता.

कळण्याची_भाकरी (धुळे)

काकू तुम्ही काय वाजवता?

सावद्याची_सून (सावदा)

भांडी घासून झाल्यावर जुनी हिंदी गाणी. ह्यांना वाटतं मिक्सर चालू आहे.

मागचा_टेम्पो (शहादा)

अमळनेरवाल्या काकांनी ते तार बंद करायचं लिहिलंय ते काल वरातीत करून बघितलं. ऑक्टोपॅडवाल्याने वळून बघितलं. काही बोलला नाही पण दोनदा बघितलं.

खुंटीवरची_बेस (जळगाव)

सगळे वाचले, दोनदा. काल रात्री उतरवली एकदाची. पुसायला घेतली तर केबल लावायच्या जॅकच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, छान गुळगुळीत, तोंड बंद करून. म्हणजे मी सोडून कोणीतरी वापरत होतं. बायकोची हेअरपिन घेऊन हळूहळू कोरली, पेपरवर एवढीशी माती निघाली, मग केबलची पिन लावली तर अर्धा आवाज, खर्रर्र, पुन्हा कोरलं, मग लागली. जी ची तार गंजून काळी, वळवता वळवता तुटली, गालाला लागता लागता राहिली.

भुसावळच्या काकांचं ऐकून जाड तारेवर एकाच बोटाने बसलो. मुलगी होमवर्क करत होती, पाढे म्हणत होती मोठ्याने, बारचा. मी तिच्या पाढ्यावर वाजवायला लागलो, बारा एके बारा, डुम. बारा दुणे चोवीस, डुम. ती अडकली की मी पण थांबायचो. बारा साते ला दोघं अडकलो. मग ती म्हणे पप्पा तुम्ही वाजवत राहा, थांबले की मला विसरायला होतं.

आज तेराचा आहे. तारांचा सेट मागवलाय ४५-१०५ जाडीचा, शनिवारी येतो म्हणाले. तोवर तीन तारा आहेत.