'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर'ला वटहुकूम म्हणावं का?

प्रश्न : अमेरिकेच्या बातम्यांत एकाच कागदाला कुणी 'ट्रम्प यांचा वटहुकूम' म्हणतं, कुणी 'फर्मान', तर कुणी 'कार्यकारी आदेश'. मूळ शब्द 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर'. मराठीत नेमकं काय लिहावं?

प्रतिसाद : 'वटहुकूम' तर अजिबात नको. आपल्याकडे वटहुकूम किंवा अध्यादेश म्हणजे विधिमंडळ बसलेलं नसताना काढलेला तात्पुरता कायदाच. राष्ट्रपती तो कलम १२३ खाली काढतात, राज्यपाल कलम २१३ खाली, आणि दोघेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. तो जुना कायदाही बदलू शकतो. मात्र अधिवेशन भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो आपोआप संपतो. बिहारमध्ये तेच ते अध्यादेश वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा काढले जायचे. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ डी. सी. वाधवा यांनी हे खणून काढलं आणि डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रथेला चाप लावला.

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांकडे असा अधिकारच नाही. तिथे कायदे करण्याचं काम घटनेच्या पहिल्या कलमाने काँग्रेसकडे, म्हणजे संसदेकडे दिलंय. दुसऱ्या कलमाने राष्ट्राध्यक्षांकडे आलाय तो कारभाराचा अधिकार, आणि कायद्यांची निष्ठेने अंमलबजावणी होते की नाही हे बघण्याची जबाबदारी. 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर' हे शब्द घटनेत कुठेच नाहीत. म्हणून अशा प्रत्येक आदेशाला एखाद्या कायद्याचा किंवा थेट घटनेचा आधार दाखवावा लागतो.

आधार नसला की काय होतं, ते १९५२ साली दिसलं. कोरियाचं युद्ध चालू होतं, पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला होता. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आदेश काढून पोलाद गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. दोन महिन्यांच्या आत सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो आदेश रद्द केला. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी तेव्हा सांगितलेल्या तीन पायऱ्या आजही प्रमाण मानतात. काँग्रेसची साथ असेल तर राष्ट्राध्यक्षांचं बळ सर्वांत जास्त, काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध गेले तर सर्वांत कमी, आणि काँग्रेस गप्प असेल तर मधला संधिप्रकाश. खरी भांडणं बहुतेक या संधिप्रकाशातच होतात.

आपल्या ओळखीच्या शब्दांत सांगायचं, तर हा प्रकार जीआरच्या, म्हणजे शासन निर्णयाच्या जवळचा. जीआर कायद्याच्या वर जात नाही, नवा जीआर जुना रद्द करतो. तिथेही नवे राष्ट्राध्यक्ष आले की अनेकदा पहिल्याच दिवशी आधीच्यांचे काही आदेश मागे घेतात.

दुसरा प्रतिसाद : म्हणजे नुसता कागदी आदेश? राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या १९४२ च्या आदेशावरून सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. त्यांच्यासाठी ते फर्मानच होतं.

प्रतिसाद : अगदी खरं, आणि ते विसरू नये. पण तिथेही महिन्याभरात काँग्रेसने कायदा करून त्या आदेशाला पाठबळ दिलं, आणि १९४४ मध्ये न्यायालयाने तो उचलून धरला. मर्यादा घटनेत होत्या, पण त्या राखायच्या ज्यांनी, त्यांनीच हात टेकले. 'फर्मान' म्हटलं की सगळा दोष एका माणसावर जातो आणि बाकीचे दोघे सुटतात. म्हणून मला तो शब्द नको वाटतो.

'कार्यकारी आदेश' चालेल, पण कार्यकारी संपादक, कार्यकारी अध्यक्ष वाचायची सवय असलेल्याला त्यातून अर्थबोध होत नाही. मी 'राष्ट्राध्यक्षांचा प्रशासकीय आदेश' लिहितो. लांब आहे, पण कोणाचा आणि कसला, दोन्ही कळतं. मथळ्यात 'अध्यक्षीय आदेश' पुरे.

आणखी एक. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी व्हिसाच्या, म्हणजे अमेरिकेत कुशल नोकरीसाठी लागणाऱ्या परवान्याच्या, नव्या अर्जांवर १ लाख डॉलर लावणारा जो कागद निघाला, तो एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नव्हता, 'प्रोक्लमेशन' होतं. परदेशी व्यक्तींचा प्रवेश रोखण्याचा जो अधिकार काँग्रेसच्याच कायद्याने राष्ट्राध्यक्षांना दिलाय, त्यावर ते बेतलेलं होतं. आपल्या कितीतरी घरांत त्या रात्री फोन खणखणले. त्याला 'उद्घोषणा' म्हणावं, 'आदेश' नको. लिंकन यांनी १८६३ मध्ये गुलामांच्या मुक्तीसाठी काढली, तीही उद्घोषणाच.