गाडी फक्त पोवई नाक्यावर तापते, हायवेवर नाही. कारण काय असेल?

प्रश्न

मी कोरेगावला शिक्षिका आहे. गाडी पेट्रोलची, २०१२ ची, ८७ हजार किलोमीटर झालेली. वडिलांच्या डोळ्यांवर उपचार चालू आहेत, त्यामुळे आठवड्यातून दोनदा त्यांना साताऱ्याला न्यावं लागतं. संगम माहुली ओलांडेपर्यंत तापमानाचा काटा निम्म्याच्याही खाली असतो. हायवे ओलांडून गावात शिरलं आणि पोवई नाक्यावर गर्दीत अडकलं की पाच-सात मिनिटांत तो लाल रेषेकडे सरकतो. एसीचा वाराही तेव्हाच कोमट होतो. गाडी परत पळायला लागली की काटा खाली येतो.

गॅरेजमध्ये दोनदा दाखवली. पहिल्यांदा कूलंट बदललं. दुसऱ्यांदा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकला आणि "आता तापणार नाही" म्हणून सांगितलं. तरी तापतेच आहे. फॅन त्यांनी माझ्यासमोर एसी लावून फिरवून दाखवला, चांगला फिरत होता. मागच्या रविवारी पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढले, तेव्हा काटा हललासुद्धा नाही. आता इंजिन उघडायला लागेल असं म्हणतायत. वडील शेजारी बसलेले असताना भर रस्त्यात वाफ निघाली तर काय करायचं, याचीच मला धास्ती वाटते.

उत्तर

ताई, माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं असंच होत होतं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेलं होतं. लवकर उघडून घ्या.

उत्तर

ताई, इतक्यात इंजिन उघडू देऊ नका. मी कराडला ३० वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. तुम्ही लिहिलंय त्यातच निम्मं निदान आहे.

गॅस्केट गेलं असतं तर खंबाटकीच्या चढावर, इंजिनावर सगळ्यात जास्त ताण असताना काटा गप्प बसला नसता. पाणीही कमी होत गेलं असतं, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे दिसले असते. तरी खात्रीसाठी रोज सकाळी गार इंजिनावर बाटलीतली पातळी बघा आणि ऑइलची पट्टी ओढून बघा. ऑइल दुधाळ नसेल आणि पातळी जागेवर असेल तर गॅस्केटचा विचार आत्ता बाजूला ठेवा.

गाडी पळत असते तेव्हा रेडिएटरला समोरून वारा मिळतो. उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यातच असतो आणि त्यालाही तोच फॅन वारा देतो. म्हणून काटा चढणं आणि एसी कोमट होणं एकाच वेळी होतंय. थर्मोस्टॅट काढलेला आहे आणि घाटातही काटा हलला नाही, म्हणजे पाणी फिरतंय, उभ्या गाडीला वारा मिळत नाहीये.

फॅन गॅरेजमध्ये फिरला, पण तेव्हा गाडी गार होती. मोटरचे कार्बन ब्रश, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, झिजले की गार असताना ती फिरते आणि चांगली तापली की अडते. म्हणून तपासणी तापलेल्या गाडीवर करायची. एसी बंद ठेवून गाडी उभ्यानेच चालू ठेवा. काटा निम्म्याच्या थोडा वर गेला की फॅन लागायला हवा. लागला नाही तर वायरिंगवाल्याला फॅनच्या प्लगवर मीटर लावायला सांगा. १२ व्होल्टच्या वर करंट येतोय आणि फॅन गप्प आहे, तर दोष मोटरमध्ये. करंटच येत नसेल तर फ्यूज, रिले (फॅनला वीज जोडणारा स्विच) आणि तापमानाचा सेन्सर बघायचा. पात्यांजवळ हात नेऊ नका, इग्निशन बंद असतानाही फॅन अचानक लागू शकतो.

आणि वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर मोठा करा, काचा खाली घ्या. उकडेल, पण इंजिनातली उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. तेवढ्यात कडेला जागा बघून गाडी बंद करा. रेडिएटरचं झाकण निदान अर्धा तास उघडायचं नाही. आत दाबाखाली असलेलं पाणी १०० अंशांच्या वर असतं, झाकण सैल झालं की तोंडावर उसळतं. असे भाजलेले हात मी पाहिलेत, म्हणून परत सांगतो, झाकणाला हात लावू नका.

थर्मोस्टॅट परत बसवून घ्या. तो नसला की इंजिन हायवेवर गारच राहतं, पेट्रोल जास्त जातं. काटा निम्म्याच्या खाली राहतो असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण तेच.

उत्तर

कोरेगाव भागात ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांमागून गाडी चालवावी लागते. पाचटाचा भुसा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसतो, पुढून दिसत नाही. तेही बघून घ्या. पाणी आतून बाहेर मारायचं, प्रेशर बेताचं ठेवून, नाहीतर जाळी वाकते.

मूळ प्रश्नकर्ती

काका, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. काल साताऱ्यात वायरिंगवाल्याकडे गाडी २० मिनिटं उभ्याने चालू ठेवली. फॅन लागला नाही. प्लगवर १३.८ व्होल्ट आले. त्यांनी लाकडी दांड्याने मोटरच्या पाठीवर हलकेच ठोकलं, तर फॅन घरघर करत फिरायला लागला. मोटर उघडली तेव्हा एक ब्रश जवळजवळ संपलेला होता. नवी मोटर बसवली, मजुरीसकट २,९०० रुपये झाले. फटीतून मूठभर काळा भुसा निघाला. ऑइल स्वच्छ आहे, पातळी चार दिवस जागेवर आहे.

आज वडिलांना घेऊन राजवाड्यापर्यंत गेले. मोती चौकात बराच वेळ अडकलो. फॅन लागल्याचा आवाज आला की बाबाच म्हणायचे, "लागला बघ." एसी शेवटपर्यंत गार होता.

थर्मोस्टॅट किती अंशांचा घेऊ?

उत्तर

गॅरेजवाल्याकडून जुना परत मागा. त्याच्या पत्र्यावर आकडा कोरलेला असतो, ८२ किंवा ८८ असा काहीतरी. तोच आकडा बघून नवा घ्या, सोबत रबरी रिंगही नवी घ्या. बसवल्यावर कूलंटमधली हवा काढायला विसरू देऊ नका, आणि वरून भरायला बोअरचं पाणी नको, क्षार धरतात.