शब्दचर्चा : ‘उपरी’ म्हणजे उपराच का?

बोरू :
रविवारच्या उपासनेत चर्चमध्ये बायबलच्या नव्या करारातल्या पेत्राच्या पहिल्या पत्राची सुरुवात वाचली गेली. ‘पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया व बिथुनिया’ एवढे घाट चढून वाचणारा मुलगा दमला आणि पुढच्या ‘उपरी म्हणून पांगलेले’चं त्याने ‘उपरे’ करून टाकलं. परतताना वाद झाला. एकाचं म्हणणं, दोन्ही एकच. दुसऱ्याचं म्हणणं, आज ‘उपरी’ कुणाला कळतं, सरळ ‘निर्वासित’ म्हणावं, छळ सोसणारीच माणसं ती. जाणकारांनी निवाडा करावा.

पाणंद :
एकाच घरचे शब्द आहेत, पण ‘उपरा’ ही आज जवळजवळ शिवी झाली आहे. ‘उपरी’ हा मात्र महसुली शब्द होता. पेशवाईतल्या गावात जमीन कसणारे मुख्यतः दोन प्रकारचे : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित, सारा (जमीन महसूल) भरत असेपर्यंत त्याला कुणी उठवायचं नाही. ती तो विकू शके, गहाण टाकू शके. उपरी परगावाहून आलेला. वर्षाच्या बोलीवर किंवा कौलावर (सरकारी करारावर) कसायचा, गावकीत त्याच्या शब्दाला वजन नाही. पेशव्यांचा मुलूख घेतल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या दोघांतला फरक सविस्तर आहे.

आता मूळ ग्रीककडे या. पेत्र दोन शब्द वापरतो, ‘पारेपिदेमोस’ आणि ‘पारोइकोस’. पहिला चार दिवस मुक्कामाला आलेला. दुसरा घराच्या शेजारी राहणारा, म्हणजे गावात राहतो पण गावचा नाही, नागरिकत्वाचे हक्क नाहीत. ‘उपरी’ याच्याशी इतका तंतोतंत बसतो की ज्याने तो निवडला त्याला दाद द्यावी. निर्वासिताचं घर गेलेलं असतं. उपऱ्याचं चूल-भांडं इथेच असतं, फक्त पायाखालची जमीन त्याची नसते.

बोरू :
ही जोडी जुन्या करारातही आहे ना? अब्राहामाच्या तोंडी?

पाणंद :
आहे, आणि तिथेच तर खरी गंमत आहे. उत्पत्ती २३. अब्राहामाची बायको सारा वारली आहे, हेब्रोनला. अब्राहाम मृताजवळून उठतो आणि तिथल्या हेथी लोकांना म्हणतो, मी तुमच्यात परदेशी व उपरी आहे, मला पुरायला जागा द्या. जुन्या ग्रीक भाषांतरात इथे नेमके हेच दोन शब्द आहेत. पेत्राने दुसऱ्या अध्यायात ते बहुधा इथूनच उचलले.

हेथी म्हणतात, आमच्या कबरींतली हवी ती घ्या. अब्राहाम फुकट घ्यायला तयार नाही. जमिनीचा मालक एफ्रोन म्हणतो, चारशे शेकेल रुप्याची जमीन, तुमच्या-माझ्यात तेवढ्याचं काय एवढं! (बाजारात हे वाक्य कुणी म्हणालं की समजावं, भाव ठरला.) अब्राहाम गुपचूप चारशे शेकेल तोलून देतो. मग खरेदीखतासारखी यादी येते : शेत, त्यातली गुहा, चतुःसीमेतली झाडं, आणि गावच्या वेशीत बसलेले साक्षीदार. सगळा देश देण्याचं वचन देवाकडून मिळालेल्या माणसाची पहिली मिरास म्हणजे बायकोची कबर. ‘निर्वासित’ घातला तर या व्यवहारातला सगळा पीळ सुटतो.

निवडुंग :
थोडी असहमती. उपरी आपल्या पायाने येतो आणि दर परवडला नाही तर आपल्या पायाने जातो. पुष्कळदा त्याचा सारा मिरासदारापेक्षा हलका असे. यात छळ कुठे आला? इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पाडून लोकांना बाबेलला (बॅबिलॉनला) नेलं, त्यांना उपरी म्हणणार?

त्यांच्यासाठी मराठी बायबलात वेगळा शब्द आहे, ‘पाडाव’. स्तोत्र १३७ बघा. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्यांना ‘आमचा पाडाव करणारे’ म्हणतात, सियोनेचं (म्हणजे यरुशलेमचं) एखादं गाणं म्हणून दाखवा. वाळुंजांवर वीणा टांगून ठेवल्या आहेत आणि वर ही फर्माईश. आज आपण ‘पाडाव’ क्रिकेटच्या मथळ्यांत वापरून गुळगुळीत केला. मुळात नुसतं हरवणं नाही, धरून नेणं आहे.

पाणंद :
मान्य. पण त्याच पाडाव झालेल्यांना यिर्मया संदेष्टा पत्र लिहितो (अध्याय २९) : घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, त्या नगराचं हित पाहा. नेलं बळजबरीने, राहायचं उपऱ्यासारखं. आणि पेत्राच्या पत्राच्या शेवटी निरोप ‘बाबेल’मधून येतो. बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ रोम लावतात. म्हणजे जुनी जखम त्याच्या मनात होतीच.

दवबिंदू :
‘छळ’वर कुणी बोललंच नाही. संस्कृतात छल म्हणजे कपट, हिंदीत अजून तेच. मराठीत कपट गळालं आणि गांजणूक उरली. ग्रीकमध्ये छळासाठी जे क्रियापद आहे, ‘दिओको’, त्याचा मूळ अर्थ पाठलाग करणे. प्रेषित पौल फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ते दोन्हीकडे वापरतो : सहाव्या ओवीत मी मंडळीचा (ख्रिस्ती समाजाचा) छळ करणारा होतो, चौदाव्यात मी बक्षिसामागे धावतो आहे. मराठीत ‘छळ’ आणि ‘धावणे’ केल्यावर हा धागा तुटतो. आपल्याकडे मात्र ‘पाठीस लागणे’ आहे! सावकारही पाठीस लागतो आणि पौलाच्या पत्रात तीमथ्याला ‘नीतिमत्त्वाच्या पाठीस लाग’ असंही सांगता येतं.

निवडुंग :
वा. आणि ‘पांगलेले’? ‘दियास्पोरा’मध्ये बी पेरणं आहे. तिफणीने ओळीत नव्हे, मूठ भरून फोकून. स्तेफनाला दगडमार झाल्यावर मंडळी पांगली, आणि पांगली तिथे सुवार्ता सांगत सुटली (प्रेषितांची कृत्ये ८). आपली गुरं पांगतात, जमाव पांगतो, पण पांगलेलं उगवत नाही. इथे मराठी शब्द तोकडा पडतो.

दवबिंदू :
छळात लागतो तो ‘धीर’ मात्र तोकडा नाही, फक्त मऊ आहे. ग्रीक ‘हुपोमोने’ म्हणजे ओझ्याखाली उभं राहणं. प्रकटीकरणाच्या पुस्तकात पात्म बेटावरून योहान स्वतःला क्लेशात आणि ‘धीरात’ भागीदार म्हणवतो. मला तिथे ‘तग’ ऐकू येतो. पण ‘पवित्र जनांचा धीर’ काढून ‘पवित्र जनांची तग धरण्याची क्षमता’ असलं काही छापू नका, कृपा करून.

गावठाण :
वसईहून एक पुरवणी. त्याच ‘पारोइकोस’पासून ‘पारोइकिया’, म्हणजे परक्या ठिकाणचा मुक्काम. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्या स्वतःला तसं म्हणवत. घासत घासत त्याचा ‘पॅरिश’ झाला. आम्ही पॅरिशला मराठीत काय म्हणतो? ‘धर्मग्राम’. उपऱ्यांच्या मुक्कामाचं रीतसर गाव करून टाकलं, पाटीसकट.

बोरू :
हे घरी सांगतो, वाद आणखी आठवडाभर पुरेल. ‘उपरी’ राहू द्यायचा ठरला. वाचणाऱ्या पोराला फक्त एवढं विचारायचं, अनेकवचनातही ‘उपरी’च ना?

पाणंद :
हो, ‘उपरी म्हणून’ एकालाही आणि शंभरांनाही. विभक्ती लागली की ‘उपऱ्याला’, ‘उपऱ्यांना’. आणि त्याला म्हणावं, कप्पदुकियानंतर एक श्वास घे.