मदत हवी आहे: पूलची स्टिक घेताना 'मेड इन' किती मनावर घ्यायचं?

खाडीवारा, ऐरोली:

नमस्कार मंडळी. एका खरेदीवरून दोन आठवडे डोक्याला भुंगा लागलाय, म्हणून हा धागा काढतोय.

चार वर्षं पूल (बिलियर्ड्सच्या प्रकारातला टेबलावरचा खेळ) खेळतोय. ऑफिस ऐरोलीतच, पण टेबलं चांगली म्हणून ट्रान्सहार्बरने ठाण्याला जातो, आठवड्यातून तीन संध्याकाळी. पूल पार्लरच्या स्टिकवर आता भागत नाही. रोज वेगळी हातात येते, एकीची टिप, म्हणजे बॉलला लागणारं टोक, चपटी झालेली, दुसरीचं वजन भलतंच. एकच स्टिक हाताला बसली तर माझा खेळ नक्की सुधारेल असं मला वाटतं.

अडचण अशी की एकदा पोळलोय. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक स्टिक मागवली, ४,२०० रुपयांना. डब्यावर अमेरिकेचा झेंडा आणि ठळक अक्षरांत 'डिझाइन्ड इन यूएसए'. मूळ देश चीन, हे खाली बारीक अक्षरांत होतं, ते मी वाचलंच नाही. मे महिन्यात घेतली, जुलैअखेर शाफ्टला, म्हणजे स्टिकच्या पुढच्या बारीक भागाला, बाक आला. आमचं घर खाडीच्या बाजूला, पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. दुकानाला फोटो पाठवले तर उत्तर आलं, 'तुम्ही नीट ठेवली नाहीत.' ती स्टिक अजून माळ्यावर पडून आहे. पार्लरमध्ये एक काका आहेत, तीस वर्षं खेळतायत. ते म्हणतात, 'चायनाची स्टिक म्हणजे पैसे खाडीत.'

आता समोर दोन स्टिक्स आहेत. पहिली वाशीच्या दुकानातली, नवी, अमेरिकन ब्रँडची, १३,५०० रुपये. बटाच्या, म्हणजे मागच्या जाड भागाच्या, टोकाला रबरी बंपरजवळ छोटा स्टिकर आहे, 'मेड इन चायना'. दुसरी मित्राच्या काकांची. ते १९९८ साली अमेरिकेहून परत आले तेव्हा बरोबर आणलेली, तिथेच बनलेली. ते १८,००० मागतायत. दोन्ही मेपल लाकडाच्या, दोन्ही ५८ इंची, दोन्ही १९ औंसांच्या.

माझा प्रश्न: देशावरून दर्जा खरंच कळतो का? कळत नसेल तर माझ्यासारख्याने काय बघून पैसे मोजायचे? पगारदार माणूस आहे, दुसऱ्यांदा चुकायचं नाहीये.

निळा_चॉक, नौपाडा:

खाडीवारा, पार्लरमधल्या काकांचा राग मी समजू शकते. त्यांच्या उमेदीच्या काळात इथे येणारा चिनी माल बहुतेक हलकाच होता. पण आता ती फूटपट्टी चालत नाही.

एक उदाहरण देते. मॅकडरमॉट ही विस्कॉन्सिनची कंपनी, १९७५ पासूनची. त्यांची जी-सीरिज तिथल्या कारखान्यात बनते. त्याच कंपनीच्या 'स्टार' आणि 'लकी' या स्वस्त स्टिक्स बाहेरून बनवून येतात. घराणं एकच, देश वेगळे. लुकासी हे नाव फ्लोरिडातल्या कंपनीचं, स्टिक्स चीनमध्ये बनतात, आणि माझ्याबरोबर खेळणारे दोघे त्यावर समाधानी आहेत. जपानची मेझ, इटलीची लोंगोनी यांचं काम हातात घेतल्यावरच कळतं, पण तिथे किंमतही तशीच आहे.

कारखान्यातून काय बाहेर पडतं ते ऑर्डर देणाऱ्यावर ठरतं. 'अमुक रुपयांत बसव' म्हणाल तर तिथले लोक तेवढ्यात बसवून देतात. 'शंभर शाफ्टमधले वाकडे बाजूला काढ, टिप चांगली लाव' म्हणाल आणि त्याचे पैसे मोजाल, तर तोच कारागीर तसं काम करतो. तुमची ४,२०० ची स्टिक हलकी निघाली, कारण कुणीतरी ती तेवढ्यातच बसवून मागितली होती.

आणि 'डिझाइन्ड इन' या शब्दांना काही वजन नाही. अमेरिकेत 'मेड इन यूएसए' असं बिनशर्त लिहायचं तर वस्तू जवळपास सगळीच्या सगळी तिथे बनलेली असावी लागते. 'डिझाइन्ड' म्हटलं की ती अट लागत नाही. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार आयात मालाचा मूळ देश ऑनलाइन दाखवावा लागतो. तेवढा रकाना आधी वाचत जा.

खेळताना हाताला फरक जाणवतो तो शाफ्टच्या पुढच्या भागाचा. साइड लावली, म्हणजे बॉलला मध्याऐवजी बाजूला मारलं, की पांढरा बॉल नेमापासून किंचित दुसरीकडे सरकतो ना? टिपेकडचं वजन जितकं कमी, तितका तो कमी सरकतो. फ्लोरिडाच्या प्रेडेटर कंपनीने १९९४ मध्ये हेच धरून ३१४ नावाचा शाफ्ट काढला. म्हणून शाफ्ट आधी बघा, बटावरची नक्षी नंतर.

रंधा, कळवा:

मी पूल खेळत नाही. फर्निचरचं काम करतो, २६ वर्षं. धाग्यात लाकूड आलं म्हणून लिहितोय.

खाडीवारादादा, तुमची स्टिक वाकली ती ओलीमुळे, देशामुळे नाही. हार्ड मेपल हे झाड कॅनडातलं आणि अमेरिकेच्या ईशान्येकडचं. चीनमधले चांगले कारखानेही शाफ्टला तेच लाकूड मागवतात. म्हणजे शिक्का चीनचा असला तरी आतलं झाड अमेरिकेत वाढलेलं असू शकतं. स्वस्तातल्या मालात मात्र रामिनसारखं स्वस्त लाकूड घालतात आणि वरून जाड रंग किंवा फायबरचा थर चढवतात. मग आत काय आहे ते दिसतच नाही.

लाकूड भट्टीत वाळवून ६ ते ८ टक्के ओलीवर आणतात. पुढचं काम मात्र सबुरीचं. शाफ्ट एका दमात खरादून बारीक केला तर आतला ताण नंतर कधीतरी बाहेर येतो. चांगले लोक थोडं खरादतात, काही आठवडे टांगून ठेवतात, पुन्हा थोडं खरादतात. वाकायचं असेल ते कारखान्यातच वाकतं आणि फेकलं जातं. ज्याला घाई आहे त्याचा शाफ्ट तुमच्या घरी येऊन वाकतो.

तुम्ही काय बघायचं ते सांगतो. शाफ्ट उजेडात धरून लाकडाच्या रेषा बघा. जॉइंटपासून, म्हणजे दोन भाग जोडतात तिथपासून, टिपेपर्यंत सरळ जायला हव्यात. मध्येच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर तो नग ठेवून द्या. मग जॉइंट उघडून दोन्ही भाग वेगवेगळे काचेवर लोळवा. स्टिक टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळती, असते म्हणून ती वळत जाणारच, त्याला घाबरू नका. डोळे काचेच्या पातळीला आणा आणि शाफ्टखालच्या उजेडाच्या फटीकडे बघा. फिरवताना फट एकसारखी राहिली तर सरळ. उघडमीट व्हायला लागली तर बाक. जोडून लोळवल्यावरच डुलत असेल आणि सुटे भाग सरळ असतील, तर दोष जॉइंटच्या तोंडात आहे, ते काटकोनात कापलेलं नाही. जोडल्यावर मागे टॉर्च धरा. उजेड आरपार आला तर ती स्टिक घेऊ नका.

आणि दुकानदाराला दोन-तीन नग उघडायला लावा. लाज बाळगू नका, तुमचे पैसे आहेत.

पाचपाखाडी_ब्रेक:

वरचं सगळं मान्य, पण देशाला काहीच अर्थ नाही असंही नाही. विकायला काढाल तेव्हा अमेरिकन किंवा जपानी स्टिकला भाव बरा मिळतो, हा माझा स्वतःचा अनुभव. उलट दुरुस्तीची वॉरंटी अमेरिकेतल्या पत्त्यावर असेल तर ठाण्याहून पाठवायचं कुरिअरच अंगावर येतं. वॉरंटी इथला विक्रेता देतो का, तेवढं विचारा.

मित्राच्या काकांच्या स्टिकबद्दल मात्र सावध करतो. जॉइंटची पिन बघा. ५/१६ इंच जाडीच्या पिनला इंचाला १४ आटे असतात किंवा १८, आणि ३/८ ला १०. हे एकमेकांत बसत नाहीत. उद्या शाफ्ट बदलायचा झाला तर त्याच आट्यांचा शोधावा लागेल. टिपेखालची पांढरी टोपी, म्हणजे फेरूल, नखाने चाचपून बघा. जुन्या स्टिकमध्ये तिथे केसासारखी चीर असते.

खाडीवारा:

रंधादादा, ताई, ब्रेकभाऊ, तिघांचे मनापासून आभार. रविवारी दोन्हीकडे जाऊन आलो, सविस्तर लिहितो.

आधी मित्राच्या काकांकडे. स्टिक त्यांनी जिवापाड जपलीय, मखमली पिशवीत. शाफ्टच्या रेषा सुतासारख्या सरळ, काचेवरही फट हलली नाही. पण फेरूलवर नख फिरवलं तर चीर लागली, भाऊंनी सांगितली होती तश्शीच. पिनेचे आटे एक इंच पट्टी लावून मोजले, १८ भरले. फेरूल आणि टिप बदलायचा खर्च धरून १५,००० ला द्याल का म्हटलं. काका म्हणाले, ती स्टिक नाही, माझी तिथली दहा वर्षं आहेत. पुढे भाव करायला माझी जीभ रेटली नाही.

मग वाशीला. दुकानदार आधी कुरकुरला, पण त्याने त्याच मॉडेलचे दोन नग काढून दिले. पेटी एकसारखी, स्टिकर तोच. पहिल्याचे सुटे भाग सरळ, पण जोडून मोबाइलचा टॉर्च मागे धरला तर जॉइंटमधून उजेडाची बारीक कोर दिसली. दुसरा नग जोडल्यावर तिथे काळोख. काचेवर लोळवला, मी गुडघ्यावर बसून बघत होतो, फट पहिल्यापासून शेवटपर्यंत एका जाडीची. दुकानातला पोरगाही शेजारी येऊन बसला. एकाच कारखान्याच्या दोन स्टिक्समध्ये एवढा फरक असेल असं मला अजिबात वाटलं नव्हतं.

निळा_चॉक:

मग? घेतलीत का?

खाडीवारा:

घेतली, ताई. दुसरा नग, १३,५०० ला. सहा महिन्यांत बाक आला तर बदलून देण्याचं दुकानदाराने बिलावर लिहून दिलंय. पहिला नग त्याने बाजूला काढून ठेवला, विकणार नाही म्हणाला.

आता ठेवायची कशी एवढंच विचारायचं राहिलं. मागची मी दाराआड भिंतीला टेकवून ठेवायचो.

रंधा:

तीच चूक. टेकवलेलं लाकूड स्वतःच्या वजनाने हळूहळू झुकतं. खेळून झालं की सुक्या फडक्याने हाताचा घाम पुसा, दोन भाग करा, केसमध्ये घाला. केसमध्ये सिलिका जेलच्या चार पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात महिन्याला बदला. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, ती भिंत ओल धरते. घोडबंदरच्या उन्हात गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. शाफ्टचा जिथे हात फिरतो तो भाग जवळजवळ उघडं लाकूडच असतो. ते हवेतली ओल पितं आणि सोडतं, चीनचं असो की अमेरिकेचं.

खाडीवारा:

समजलं दादा. केस बेडरूमच्या आतल्या भिंतीच्या कपाटात आडवी ठेवलीय, पुड्या उद्या आणतो. आमच्या डायनिंग टेबलला काच आहे, आज त्यावर शाफ्ट लोळवून फटीचा व्हिडिओ काढून ठेवलाय. आता मे संपत आलाय. ऑगस्टअखेर त्याच काचेवर पुन्हा लोळवतो आणि दोन्ही व्हिडिओ इथे टाकतो.